स्मरणचित्र की पाठांतर? : नांदेड-लातूर परिसरातील दृश्यकलेचे विद्यार्थिजीवन व अध्यापन – एक चिकित्सा

प्रस्तावना :

'कला महाविद्यालय' ही संज्ञा मराठीत दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. भाषा, इतिहास, राज्यशास्त्र इत्यादी विषयांचे अध्यापन करणारे महाविद्यालय हा तिचा पहिला आणि अधिक परिचित अर्थ होय. चित्र, शिल्प व उपयोजित कला शिकविणारी संस्था हा दुसरा अर्थ. नांदेड आणि लातूर या शहरांत 'आर्ट्सला आहे' असे एखाद्या विद्यार्थ्याने सांगितले की ऐकणारा पहिलाच अर्थ घेतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आपण नेमके काय शिकतो हे घरी, नातेवाइकांत आणि बसमधील सहप्रवाशालाही समजावून सांगावे लागते. बहुतेक वेळा 'ड्रॉइंग मास्तर होणार' एवढ्या उत्तरावर हा संवाद संपतो. या साध्या प्रसंगात मराठवाड्यातील दृश्यकलाशिक्षणाची स्थिती पुष्कळशी सामावलेली आहे. हे शिक्षण समाजाला अपरिचित आहे आणि त्याचे प्रयोजन एका नोकरीपुरते आक्रसलेले आहे.

दृश्यकलेच्या विद्यार्थ्याचे जीवन आणि त्याला मिळणारे अध्यापन यांचा परस्परसंबंध तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी 'स्मरणचित्र' हा एकच विषय मध्यवर्ती धरला आहे. शालेय श्रेणी परीक्षेपासून पदवीच्या प्रवेश परीक्षेपर्यंत हा विषय विद्यार्थ्याची सोबत करतो आणि या शिक्षणाचे सामर्थ्य व व्यंग दोन्ही त्यात स्पष्टपणे दिसतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

महाराष्ट्रातील संस्थात्मक कलाशिक्षणाचा प्रारंभ १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेल्या स्कूल ऑफ आर्टपासून मानला जातो. या संस्थेचा मराठवाड्याशी आलेला पहिला मोठा संबंध विद्यार्थ्यांच्या द्वारेच आला, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले आणि १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. सुमारे ३०० चित्रे तयार होऊन लंडनला गेली. १८८५ च्या आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाली. पुढे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आले. लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षे डोळे ताणणारे विद्यार्थी मात्र, पेस्तनजी बोमनजींसारखे मोजके अपवाद वगळता, सर्वसामान्य वाचकाच्या स्मरणात राहिले नाहीत. नकला सुकर व्हाव्यात म्हणून मूळ चित्रांवर चढविलेल्या वार्निशने रंग काळवंडले, हे या उपक्रमाचे दुसरे मूल्य होय.

असे असले तरी हा सगळा उद्योग म्हणजे केवळ वसाहतकालीन नक्कल होती, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. प्लास्टरच्या ग्रीक प्रतिमांवर हात बसविणाऱ्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यात वेगळी रेषा भेटली. छायेच्या आधाराशिवाय वळणातूनच देहाची गोलाई सांगणारी ही रेषा होती. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकार अजिंठ्यात नकला करण्यासाठी आले. हैदराबादहून आलेले सय्यद अहमदही त्या गटात होते. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी जे अध्यापन केले त्यात निसर्ग आणि सभोवतालचे जनजीवन यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी रंगविलेल्या फलकांवर शेतकरी, कारागीर आणि वादक अवतरले ते या निरीक्षणातून. याचा अर्थ असा की, मूळ कलाकृतीसमोर बसून, तिच्या रेषेचा शोध घेत केलेली नक्कल ही पाहण्याची शाळा ठरू शकते. दोष नकलेत नसतो. मूळ वस्तू दृष्टीआड करून नकलेचीच नक्कल करण्यात तो असतो. पुढील विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

अजिंठा मराठवाड्यात असूनही मराठवाड्यातील विद्यार्थ्याला कलाशिक्षणाची सोय फार उशिरा मिळाली. १९४८ पर्यंत निजामी राजवट, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात समावेश आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अशी या प्रदेशाची वाटचाल आहे. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले. विभागातील शासकीय कला महाविद्यालय औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे उभे राहिले. नांदेडहून ते अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परिणामी नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कलाशिक्षणाचा भार खाजगी संस्थांवर पडला. तेथील प्रमुख आकर्षण कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., हेच राहिले. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे केंद्र जवळ आले. तथापि तालुक्याच्या गावातील पालकाच्या मनात चित्रकला म्हणजे शाळेतील नोकरी हे समीकरण कायम राहिले.

विद्यार्थिजीवनाचे स्वरूप :

या विद्यार्थ्याचा दिवस एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतो. देगलूर, मुखेड, कंधार किंवा औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूंनी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात फळा, खांद्यावर कागदांची गुंडाळी आणि पिशवीत रंगाच्या बाटल्या असतात. गर्दीच्या बसमध्ये अर्धा इम्पिरियल कागद न चुरगळता नेणे हेही एक कौशल्यच आहे. कागद, रंग, कुंचले यांचा खर्च पुस्तकांसारखा एकदाच होत नाही, तो दर आठवड्याला होतो. त्यामुळे एका कागदावर चूक होणे ही आर्थिक घटना ठरते. चुकण्याची ही भीती रेषेत उतरते. पेन्सिल हलकी, खोडरबर सतत हातात आणि नजर शेजाऱ्याच्या फळ्यावर, असे दृश्य वर्गात दिसते. त्यामागे प्रतिभेचा अभाव आहे असे मानण्यापूर्वी कागदाच्या किमतीचा विचार करावयास हवा.

शिक्षण घेता घेता कमाई करण्याची परंपरा या विद्यार्थ्यांत जुनी आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरील अक्षरे, गणेशमूर्तींचे रंगकाम, लग्नमंडपाची सजावट यांतून अनेकांनी शिक्षणाचा खर्च भागविला. पाटी रंगविणाऱ्याच्या हाताखाली अक्षराचे वजन, अंतर आणि कुंचल्याचा दाब जसा शिकता येई तसा तो वर्गातील अक्षरलेखनाच्या तासाला क्वचितच येत असे. डिजिटल फ्लेक्स छपाई सर्वत्र पसरली आणि हे काम झपाट्याने आटले. आता तोच विद्यार्थी संगणकापुढे बसून तयार नमुन्यात नेत्याचे छायाचित्र आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा बसवितो. कष्ट कमी झाले, परंतु कमाईच्या कामातून होणारे शिक्षणही त्याबरोबर गेले.

याच शहरांत दुसरे एक विद्यार्थिजीवन अधिक ठळकपणे वावरत असते. लातूर शहर 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखले जाते. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी नियमित अध्यापन, सततच्या सराव परीक्षा आणि विद्यार्थ्यावरील वैयक्तिक लक्ष यांतून हा लौकिक मिळविला. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवणी वर्गांनी लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे व्यापली. खोल्या, खानावळी, अभ्यासिका आणि यशस्वितांच्या छायाचित्रांचे फलक यांनी भरलेल्या रस्त्यावरून चित्रकलेचा विद्यार्थी महाविद्यालयात जातो. ज्या शहरात यशाचे माप गुणांनीच ठरते तेथे त्याच्या कामाला माप कोणते, हा प्रश्न त्याला रोज भेटतो. घरातही एखादा भाऊ 'नीट'च्या तयारीत असेल तर त्याच्या शिकवणीचे शुल्क गुंतवणूक मानले जाते आणि याचे रंग खर्चात मोडतात.

स्मरणचित्राचे झालेले रूपांतर :

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ग्रामीण विद्यार्थ्यासाठी कलाशिक्षणाचे पहिले दार आहेत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे विषय. दहावीच्या निकालात या श्रेणींचे वाढीव गुण मिळू लागल्यानंतर परीक्षार्थींच्या दृष्टीने त्यांचे मोल वाढले. पुढे पदवी अभ्यासक्रमाच्या राज्यस्तरीय सामायिक प्रवेश परीक्षेतही स्मरणचित्र असतेच. म्हणजे किशोरवयापासून पदवीच्या उंबरठ्यापर्यंत हा विषय विद्यार्थ्याची परीक्षा घेत राहतो.

या विषयामागील मूळ कल्पना अत्यंत मोलाची आहे. पाहिलेला प्रसंग वस्तू समोर नसताना आठवून, माणसांच्या हालचाली, परस्परप्रमाण आणि परिसर यांसह कागदावर मांडणे हे दृष्टी, स्मृती व रचना या तिन्हींचे काम आहे. प्रत्यक्षात मात्र या विषयाची तयारी उलट मार्गाने होते. बाजार, बसस्थानक, पाणवठा, शेतातील काम, सण असे अपेक्षित विषय ठरलेले असतात. मार्गदर्शक पुस्तिकांतून त्यांच्या तयार आकृती मिळतात. डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री, पाठमोरा शेतकरी, वाकलेला म्हातारा आणि डाव्या कोपऱ्यातील झाड या आकृती गिरवून पाठ केल्या जातात. परीक्षेत विषय बदलला तरी आकृती त्याच राहतात, त्यांची मांडणी तेवढी फिरते. स्मरण येथे आहे, परंतु ते पाहिलेल्या जगाचे नसून पुस्तिकेच्या पानाचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बैल हे होय. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे गोवंशाच्या दोन नामांकित जातींचे माहेर आहेत. लाल कंधारी ही गडद तांबड्या रंगाची जात कंधार परिसराची, तर देवणी ही लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने ओळखली जाणारी. देवणीतही पशुपालक रंगखुणांवरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार सांगतात. पांढऱ्या अंगाचा पण चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, संपूर्ण पांढरा बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेला शेवरा. ही केवळ पशुविज्ञानाची वर्गवारी नव्हे. रंग, आकार आणि ठिपक्यांची विभागणी अचूक ओळखणारी ती एक लोकपरंपरेतील दृश्यभाषा आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला ती अवगत असते, कारण दुरून येणारे जनावर आपले की शेजाऱ्याचे हे त्याला लहानपणापासून ओळखता येते. तोच विद्यार्थी परीक्षेत 'शेतातील दृश्य' काढतो तेव्हा त्याचा बैल ना कंधारी असतो ना देवणी. तो पुस्तिकेतील तपकिरी बैल असतो. या ठिकाणी विद्यार्थ्याला काही शिकविण्यात शिक्षण कमी पडले असे नाही, त्याला आधीपासून येत असलेले ते विसरायला लावले आहे. दृश्यकलाशिक्षणाची याहून मोठी हानी कोणती असू शकेल?

येथे लातूर पॅटर्नशी तुलना उद्बोधक ठरते. सरावाची चिकाटी हा त्या पद्धतीचा गाभा आहे आणि चित्रकलेलाही सरावावाचून गत्यंतर नाही. तथापि गणितातील सराव प्रश्नाच्या प्रकारावर होतो, तर चित्रकलेतील सराव वस्तूसमोर व्हावा लागतो. शंभर वेळा पाठ केलेली एकच आकृती आणि शंभर वेळा बसस्थानकावर बसून काढलेली शंभर माणसे यांत श्रम तेवढेच असतात. पहिल्यातून हात बनतो, दुसऱ्यातून हात आणि डोळा दोन्ही बनतात.

अध्यापनातील अंतर्विरोध :

महाविद्यालयात आल्यावर ही सवय मोडावी अशी अपेक्षा असते. मूलभूत अभ्यासक्रमात निसर्गचित्रण, वस्तूचा अभ्यास, द्विमित व त्रिमित संकल्पन यांचा समावेश यासाठीच आहे. परंतु सत्रान्ती ठराविक संख्येने कामे सादर करावयाची असतात आणि कामांची संख्या हेच मूल्यमापनाचे सोयीस्कर माप होऊन बसते. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून पूर्ण केलेली 'रेखाटने' छायाचित्रांवरून, आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, उतरविली जातात. शिक्षक हे ओळखतात. तथापि अपुऱ्या मनुष्यबळावर अनेक वर्ग सांभाळताना प्रत्येक वहीतील प्रत्येक रेषेची चौकशी त्यांच्याकडून होणे कठीण असते. दोष एकट्या विद्यार्थ्याचा किंवा शिक्षकाचा ठरविता येत नाही, तो मापाचा आहे.

कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र या विषयांत हा विरोध अधिक तीव्र होतो. विद्यार्थी ग्रीक, रोमन, प्रबोधनकालीन कलेची टिपणे पाठ करतो. प्लास्टरच्या पाश्चात्त्य प्रतिमांची परंपराही कलाशाळांना मुंबईकडून मिळाली आहे. मात्र कंधार येथील प्रचंड क्षेत्रपाल-मूर्तीचे भग्न अवशेष त्याच्या अभ्यासात येत नाहीत. केवळ अवयवांवरून संपूर्ण देहाचे प्रमाण ताडणे हा शरीररचनेचा किती उत्तम धडा होऊ शकतो! औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांतील झिजलेल्या आकृती तपशील हरवल्यानंतरही घनाकार कसा टिकतो हे दाखवितात. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावरील सुरसुंदरी आणि देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरे बसच्या अंतरावर आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा तर घोडे, उंट, गाढवे, कुस्त्यांचे फड आणि तमाशाचे तंबू यांसह हालचालीच्या रेखाटनाचे मुक्त विद्यापीठच आहे. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे भरतकाम आरशांच्या तुकड्यांसह भौमितिक संकल्पनाचे जिवंत नमुने पुरविते. हे सारे शैक्षणिक सहलीच्या छायाचित्रांत येते, मूल्यमापनात येत नाही.

सौंदर्यविचाराच्या बाबतीत नांदेडची स्थिती आणखी विशेष आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर यांनी अध्यापन केले व प्राचार्यपदही भूषविले. आय. ए. रिचर्ड्स यांच्या कलामीमांसेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि भरताच्या नाट्यशास्त्राचा गाढा अभ्यास केला. कलेच्या आस्वादाविषयी मराठीतून, तर्कशुद्ध आणि निर्भीड चर्चा करणारी ही परंपरा पहिल्या अर्थाच्या 'कला महाविद्यालया'त वाढली. दुसऱ्या अर्थाच्या कला महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र त्याच शहरात सौंदर्यशास्त्राची भाषांतरित टिपणे घोकत राहिला. दोन्ही संस्थांच्या नावात एकच शब्द आहे, पण त्यांच्यात संवाद नाही. रसविचार शिकणाऱ्याने चित्र पाहू नये आणि चित्र काढणाऱ्याने रसविचार आपल्या भाषेत बोलू नये, ही विभागणी दोघांचेही नुकसान करते.

उपजीविकेचा प्रश्न :

कोणतीही चिकित्सा उपजीविकेचा प्रश्न टाळून करता येणार नाही. मराठवाड्यातील विद्यार्थी पाठांतराचा मार्ग धरतो तो आळसामुळे नव्हे. तो मार्ग त्याला नोकरीपर्यंत नेईल असा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वासच आता डळमळीत झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शंभराहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळांसाठी कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. कलाशिक्षण कायद्यात आले ही समाधानाची बाब खरी, पण ते 'अंशकालीन' म्हणून आले. ज्या पदाकडे पाहून पालकाने मुलाला पदविकेस घातले ते पूर्णवेळ पद दुर्मीळ होत गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलासमन्वित अध्ययनाचा पुरस्कार आहे, मात्र त्याची अंमलबजावणी करणारा प्रशिक्षित कलाशिक्षक शाळेत किती काळ असेल, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

या परिस्थितीतून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. केवळ नोकरीसाठी स्वीकारलेली पाठांतराची पद्धती नोकरी मिळण्याची शाश्वती उरली नसताना व्यवहारदृष्ट्याही निरर्थक ठरते. तयार नमुने जुळविण्याचे काम यंत्र अधिक स्वस्तात करते, हे फ्लेक्सने एकदा सिद्ध केले आहे आणि आज संगणकाद्वारे क्षणात निर्माण होणारी चित्रे ते पुन्हा सिद्ध करीत आहेत. यंत्राला सहज न मिळणारी गोष्ट या विद्यार्थ्यापाशी आहे. ती म्हणजे विशिष्ट परिसराचे प्रत्यक्ष, अंगवळणी पडलेले पाहणे.

निष्कर्ष व सूचना :

१. स्मरणचित्राचे मूल्यमापन अंतिम चित्रापुरते मर्यादित न ठेवता त्यामागील प्रत्यक्ष रेखाटनांसह व्हावे. स्थळ व दिनांक नोंदविलेली रेखाटनवही महाविद्यालयीन अंतर्गत गुणांत ग्राह्य धरल्यास पाठ आकृतींना आपोआप आळा बसेल.

२. नकलेचा तिरस्कार न करता तिचे स्थान निश्चित करावे. पुस्तिकेची नक्कल त्याज्य, तर मूळ शिल्प, भित्तिचित्र किंवा भरतकाम यांसमोर बसून केलेली अभ्यासपूर्ण नक्कल अनिवार्य असावी.

३. कंधार, खरोसा, निलंगा, होट्टल आणि माळेगाव ही स्थळे सहलीच्या यादीतून अभ्यासक्रमाच्या यादीत यावीत. कलेतिहासाच्या अंतर्गत चाचणीत किमान एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या स्थानिक कलाकृतीवर असावा.

४. वाङ्मय शाखेच्या आणि दृश्यकलेच्या महाविद्यालयांनी सौंदर्यविचाराचे तास संयुक्तपणे घ्यावेत. आपल्या चित्राविषयी मराठीत पाच वाक्ये कारणांसह बोलता येणे ही तोंडी परीक्षेची किमान अपेक्षा असावी.

५. सरावासाठी स्वस्त कागद, कोळसा, माती यांसारखी साधने अधिकृतपणे स्वीकारली जावीत. चुकण्याचा खर्च कमी झाल्याशिवाय रेषा निर्भय होणार नाही.

यांपैकी बहुतेक सूचनांना मोठा निधी किंवा नवे पद लागत नाही. मापात बदल करण्याची तयारी मात्र लागते. सर ज. जी. कलासंस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि राज्यातील कलाशिक्षणाचे केंद्र अधिक भक्कम झाले. परिघावरील विद्यार्थ्याने पुन्हा त्या केंद्राच्या नकलेत समाधान मानावे की स्वतःच्या परिसराकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहावे, हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचे विद्यार्थी पाहणे शिकण्यासाठी मराठवाड्यात आले होते. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. देवणीचा वानेरा त्याने ओळखलेला आहेच, तो परीक्षेच्या कागदावर उतरविण्याची मुभा त्याला मिळाली पाहिजे.